काड, पाचट आणि धसकटांचा हिशेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीक अवशेष म्हणजे नेमके काय, आणि त्यांचा हिशेब वेगळा का मांडायचा?

धान्य, शेंगा, बोंडे किंवा ऊस शेतातून निघून गेल्यावर जे मागे राहते ते सर्व पीक अवशेषांत मोडते: गव्हाचे काड, भाताचा पेंढा, ज्वारीचा कडबा, बाजरीचे सरमाड, कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, उसाचे पाचट आणि जमिनीत उभी राहिलेली धसकटे. तृणधान्यांच्या सुधारित वाणांत जमिनीवरील एकूण वाढीपैकी साधारण ४० ते ५० टक्के वजन दाण्यांचे असते. म्हणजे ज्या शेतातून ४ टन धान्य निघते, तेथे ४ ते ६ टन काडही तयार झालेले असते. धान्याच्या प्रत्येक क्विंटलची नोंद वहीत होते. काडाची नोंद झालीच तर ती ‘शेत मोकळे करण्याचा खर्च’ या एका रकान्यात होते. काडाची किंमत शून्य धरून घेतलेला निर्णय, मग तो जाळण्याचा असो, विकण्याचा असो वा गाडण्याचा, अपुऱ्या हिशेबावर उभा असतो, हे आमचे ठाम मत आहे आणि पुढील उत्तरे त्याच मतातून लिहिली आहेत. दरांचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. वजने दिली आहेत. त्यांना आपापल्या बाजारातील दराने गुणावे.

एक टन काडात खताच्या दृष्टीने किती माल असतो?

भाताच्या पेंढ्याचे उदाहरण घेऊ. एक टन कोरड्या पेंढ्यात साधारण ५ ते ८ किलो नत्र (नायट्रोजन), सुमारे १ किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि १२ ते १७ किलो पालाश (पोटॅशियम) असते. यातील स्फुरद आणि पालाश मूलद्रव्याच्या स्वरूपात मोजले आहेत, तर खताच्या पोत्यावरील टक्केवारी त्यांच्या ऑक्साइडच्या स्वरूपात छापलेली असते. म्हणून तुलना करण्यापूर्वी स्फुरदाला २.२९ ने आणि पालाशाला १.२ ने गुणावे लागते. हा गुणाकार विसरल्यामुळे अनेकांचा हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो.

नत्र ६ किलो, स्फुरद १ किलो आणि पालाश १४ किलो धरले, तर एका टनातील नत्र सुमारे १३ किलो युरियाइतके, स्फुरद सुमारे १४ किलो सिंगल सुपर फॉस्फेटइतके आणि पालाश सुमारे २८ किलो म्युरेट ऑफ पोटॅशइतके भरते. एकूण ५५ किलो खत झाले. मात्र या तिन्हींचे मोल एकाच वेळी हाती येत नाही. पालाश वनस्पतीच्या पेशीरसात विरघळलेले असते आणि पावसाच्या किंवा ओलिताच्या पाण्याबरोबर लगेच जमिनीत उतरते, म्हणून त्याचे मोल पुढच्याच हंगामात धरता येते. नत्र सेंद्रिय संयुगांत बांधलेले असल्यामुळे ते सावकाश सुटते. पहिल्या वर्षी त्याचा पूर्ण दर लावणे म्हणजे स्वतःची फसवणूक करून घेणे होय.

याच कारणाने कापणीनंतर चांगला पाऊस झालेले काड आणि कोरडे राहिलेले काड यांचे खतमूल्य सारखे नसते. पावसात धुतलेल्या काडातील बराचसा पालाश शेताला आधीच मिळालेला असतो, त्यामुळे ते उचलून दिले तरी जमिनीचे नुकसान कमी होते.

आमच्या जमिनीत पालाश भरपूर आहे. तरीही त्याची किंमत धरावी का?

पोषणद्रव्याची आजची किंमत म्हणजे ते नसते तर आपण विकत घेतले असते अशा खताची किंमत. माती परीक्षणात पालाश भरपूर आढळत असेल आणि तुम्ही पालाशयुक्त खत टाकतच नसाल, तर आजच्या हिशेबात त्याचे मोल कमी धरणे योग्य आहे. शून्य मात्र धरू नये. दर हंगामाला हेक्टरी ५ टन पेंढा बाहेर गेला, तर वर सांगितलेल्या प्रमाणाने ६० ते ८५ किलो पालाश दर वेळी शेत सोडून जातो. असा उपसा वर्षानुवर्षे चालला की एके दिवशी ते खत विकत घ्यावेच लागते. दर तीन वर्षांनी मातीचा नमुना तपासून हा आकडा बदलत राहावा.

जाळल्यावर राख तर शेतातच राहते. मग नुकसान किती?

राखेत पालाश आणि स्फुरद बऱ्याच अंशी टिकतात, हे खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. पेंढा जाळल्यावर त्यातील जवळपास सर्व कर्ब (कार्बन) आणि बहुतांश नत्र हवेत जाते, गंधकाचाही लक्षणीय भाग जातो. स्फुरद सुमारे एक चतुर्थांश आणि पालाश सुमारे एक पंचमांश गमावला जातो. म्हणजे केवळ पालाशाच्या नजरेने पाहिले तर जाळण्याचा तोटा लहान दिसतो, आणि शेतकऱ्याला तो तसा दिसतो यात त्याचे काही चुकत नाही. अडचण अशी की राख ढिगांच्या आणि ओळींच्या जागी साचते, वाऱ्याने उडते आणि पहिल्या जोराच्या पावसात वाहून जाते, त्यामुळे टिकलेले द्रव्यही शेतभर सारखे पोहोचत नाही.

मोठा तोटा कर्बाचा आहे. कोरड्या काडाच्या वजनापैकी सुमारे ४० टक्के कर्ब असतो आणि तो कोणत्याही पोत्यात विकत मिळत नाही. त्याशिवाय धुरातील सूक्ष्म कण, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड यांची किंमत शेजारच्या गावातील, शहरातील आणि रस्त्यावरील माणसे आपल्या फुप्फुसांनी मोजतात. ती किंमत खरी असते, फक्त ती जाळणाऱ्याच्या वहीत येत नाही.

एवढा तोटा असताना शेतकरी काड का जाळतात?

कारण त्या आठवड्यात, त्या शेतात, त्या माणसाच्या हिशेबाने जाळणे बहुधा सर्वांत स्वस्त असते. हे नीट समजून घेतल्याशिवाय या विषयावर बोलू नये, असे आम्हाला वाटते.

कापणी यंत्राने केली की काड उंच उभे राहते आणि बाकीचे ओळीने पसरते. ते हाताने गोळा करायला मजूर लागतात, आणि मजुरांची मागणी नेमकी त्याच दिवसांत सर्वत्र वाढलेली असते. यंत्राने गाडायचे तर यंत्र मिळण्याची वाट पाहावी लागते. दरम्यान पुढच्या पेरणीची तारीख जवळ येत असते. समजा, पुढच्या पिकाचे उत्पादन हेक्टरी ४ टन आहे आणि पेरणीला होणाऱ्या प्रत्येक दिवसाच्या उशिराने १ टक्का घट होते. मग रोज ४० किलो धान्य जाते आणि दहा दिवस वाट पाहिली तर ४०० किलो. काडातील खतमूल्य या ४०० किलो धान्याच्या किमतीपुढे टिकते का, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या दराने सोडवावा. अनेक ठिकाणी ते टिकत नाही. काडीपेटीचा खर्च नगण्य असतो आणि शेत एका दुपारी मोकळे होते.

लाभ उशिरा आणि विखुरलेला, खर्च ताबडतोब आणि एकट्याच्या खिशातून, अशी ही रचना आहे. म्हणून काड न जाळण्याचा जो कोणताही उपाय सुचवायचा, त्याला पहिली कसोटी हीच लावावी: त्याने पेरणी किती दिवस लांबते? जो उपाय उशीर टाळतो, उदाहरणार्थ उभ्या धसकटांत थेट पेरणी करणारे यंत्र, तो खतमूल्याचा मोठा हिशेब न मांडताही परवडू शकतो.

काड गाडले की पुढचे पीक पिवळे पडते. हा खर्च कसा मोजावा?

पीक पिवळे पडण्याचे कारण साधे आहे. गव्हाच्या काडात कर्ब आणि नत्राचे प्रमाण सुमारे ८०:१ असते. एक टन काडात ४०० किलो कर्ब आणि ५ किलो नत्र धरू. जिवाणू त्यातील साधारण एक तृतीयांश कर्ब, म्हणजे १३० किलो, आपल्या शरीरात घेतात आणि बाकीचा श्वसनात सोडतात. त्यांच्या शरीरात दहा भाग कर्बामागे एक भाग नत्र लागते असे मानले, तर त्यांना १३ किलो नत्र हवे. काडातून ५ किलो मिळते, उरलेले ८ किलो ते जमिनीतून, म्हणजे पिकाच्या ताटातून, उचलतात.

तेव्हा टनामागे सुमारे ८ किलो नत्र, म्हणजे १७ किलोच्या आसपास युरिया, पेरणीच्या सुमारास जादा द्यावा लागतो. परंतु हा सगळा खर्चाच्या बाजूला लिहिणे चूक आहे. हे नत्र नाहीसे होत नाही. जिवाणू मेले की ते पुन्हा जमिनीत सुटते, त्यामुळे ती एक प्रकारची उसनवारी आहे. तिचा खरा खर्च म्हणजे आज पैसे गुंतवून परतावा पुढे मिळण्यातला विलंब, आणि मधल्या काळात निचऱ्यात किंवा हवेत जाणारा हिस्सा. पेरणीपूर्वी तीन-चार आठवडे मिळत असतील आणि जमिनीत ओल असेल तर ही उसनवारी बरीच कमी होते. द्विदल पिकांच्या अवशेषांत कर्ब-नत्र प्रमाण २० ते ३० च्या दरम्यान असल्याने तेथे हा प्रश्न क्वचितच उद्भवतो. काड गाडण्याऐवजी पृष्ठभागावर ठेवले तरी मातीशी संपर्क कमी राहिल्यामुळे नत्राची ओढ मंदावते.

पाणी साचवून घेतलेल्या भातात मात्र ताजा पेंढा पाण्याखाली गाडला की मिथेन वाढतो. तेथे पेंढा लवकर, कोरड्या जमिनीत गाडून कुजू द्यावा.

आच्छादन म्हणून काड ठेवल्याचा फायदा पैशात कसा मांडायचा?

येथे चार गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्यात: वाचलेली पाण्याची पाळी, वाचलेली खुरपणी किंवा तणनाशक, वाचलेली मशागत आणि वाचलेली माती. पहिल्या तिन्हींची किंमत प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. मातीची किंमत काढणे अवघड आहे, पण जमिनीचा ३० टक्के पृष्ठभाग काडाने झाकला गेला तरी उघड्या जमिनीच्या तुलनेत धूप निम्म्याच्या आसपास येते, म्हणून उताराच्या शेतात सगळे काड उचलून देण्याचा सल्ला आम्ही कधीही देणार नाही. उसाच्या खोडव्यात पाचट ठेवणाऱ्याला पाण्याची पाळी लांबल्याचे पहिल्याच उन्हाळ्यात जाणवते. थंड आणि चिबड जमिनीत मात्र जाड आच्छादनामुळे जमीन उशिरा तापते आणि उगवण मंदावते. तेथे हा फायदा उलटा पडू शकतो.

सेंद्रिय कर्ब वाढायला किती वर्षे लागतात?

अपेक्षा आणि वास्तव यांत अंतर पडू नये म्हणून हा आकडा मांडून पाहावा. हेक्टरी ५ टन काड गाडले तर २ टन कर्ब जमिनीत जातो. त्यातील फार तर १० ते १५ टक्के, म्हणजे २०० ते ३०० किलो, टिकाऊ स्वरूपात उरतो. एक हेक्टर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर सुमारे २,००० टन वजनाचा असतो, म्हणून कर्बाची टक्केवारी ०.१ ने वाढवायला २ टन टिकाऊ कर्ब लागतो. वर्षाला एकदा गाडले तर सात ते दहा वर्षे होतात, आणि दरवर्षी जुना कर्बही थोडा थोडा जळत असल्यामुळे प्रत्यक्षात अधिक. मात्र मातीची घडण, पाणी मुरणे आणि गांडुळांची संख्या यांत फरक त्याआधीच दिसू लागतो.

काड विकायचे असेल तर किमान दर कसा ठरवावा?

सर्वांत खालचा दर पुढील चार रकमांच्या बेरजेइतका असावा: एक, बाहेर जाणाऱ्या पोषणद्रव्यांची वर सांगितल्याप्रमाणे काढलेली किंमत, दोन, गोळा करणे, गठ्ठे बांधणे, बांधावर रचणे यांचा खर्च, तीन, जड यंत्रांनी जमीन दाबली जाते त्याची भरपाई, चार, पुढच्या पेरणीला उशीर होत असल्यास त्याचे मोल. खरेदीदार स्वतःच्या खर्चाने काड उचलून नेणार असेल आणि त्यामुळे तुमचा शेत मोकळे करण्याचा खर्च वाचणार असेल, तर ती वाचलेली रक्कम या बेरजेतून वजा करावी. अनेक शेतकरी केवळ ही वजाबाकी पाहतात आणि ‘फुकट नेतो, शेत साफ होते’ एवढ्यावर समाधान मानतात. पहिली रक्कम त्यांच्या नजरेतून सुटते.

सगळे काड एकदम देण्याऐवजी कापणीची उंची वाढवून धसकटे आणि काही काड शेतात राखावे. किती राखायचे हे उतार, पाऊस आणि जमिनीचा कर्ब पाहून ठरवावे.

वाहतुकीवर इतका खर्च का होतो?

आपण वजन विकतो, पण वाहन आकारमानाने भरते. मोकळे काड घनमीटरला सुमारे ४० किलो भरते, तर घट्ट गठ्ठे १५० किलोपर्यंत. दहा घनमीटरच्या ट्रॉलीत मोकळे काड ४०० किलो मावते आणि गठ्ठे दीड टन. फेरीचा खर्च तोच असताना टनामागचा खर्च जवळपास चौपटीने बदलतो. म्हणूनच मोकळ्या काडाची बाजारपेठ गावाच्या आसपास संपते. कांडी किंवा पेलेट केल्यास घनता ६०० किलोच्या पुढे जाते, पण त्यासाठी वाळवणे, दळणे आणि वीज यांचा खर्च वाढतो. लांब अंतर आणि बारमाही मागणी असेल तरच तो निघतो.

ऊर्जा प्रकल्पाशी करार करताना काय पाहावे?

सर्वप्रथम ओलावा. २० टक्के ओलाव्याच्या एक टन काडात ८०० किलो कोरडा माल असतो, १२ टक्क्यांच्या टनात ८८० किलो. दर कोरड्या वजनावर आहे की आणलेल्या वजनावर, ओलावा कोण मोजणार आणि वाद झाल्यास काय, हे करारात लिहिलेले असावे. २० टक्क्यांहून अधिक ओल्या गंजीत आतून उष्णता वाढून आग लागण्याचा धोका असतो, त्यामुळे साठवणुकीची जबाबदारी कोणाची आणि विम्याचा हप्ता कोण भरणार हाही दराचाच भाग आहे.

भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर असते आणि राखेचे प्रमाण १५ टक्क्यांच्या पुढे जाऊ शकते. शिवाय पालाश व क्लोरीनमुळे बॉयलरमध्ये राख वितळून चिकटते आणि धातू गंजतो. खरेदीदार पेंढ्याला कमी दर देतो त्यामागे हे खरे कारण आहे. पावसाने धुतलेले काड त्याला या बाबतीत अधिक चालते, आणि शेताचेही त्यात कमी जाते. दोघांच्या सोयीचा असा मुद्दा क्वचितच सापडतो.

चारा म्हणून वापरणे अधिक फायद्याचे नाही का?

जनावरे असतील तर बहुधा होय, कारण चाऱ्यातून दूध, श्रम किंवा वजन मिळते आणि शेणमूत्र शेतात परत गेले तर बहुतेक पोषणद्रव्येही परत येतात. शेणाच्या गोवऱ्या झाल्या किंवा ते विकले गेले तर मात्र हा दुसरा लाभ हिशेबातून काढून टाकावा. गव्हाच्या काडात आणि भाताच्या पेंढ्यात प्रथिने फक्त ३ ते ४ टक्के असतात. शंभर किलो काडावर ४ किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा फवारला आणि गंजी सुमारे तीन आठवडे हवाबंद ठेवली, तर पचनीयता आणि प्रथिनांचे प्रमाण दोन्ही वाढतात. प्रमाण काटेकोर पाळावे. न विरघळलेला युरिया जनावराच्या जिवावर बेततो.

यंत्र स्वतः घ्यावे की भाड्याने?

अवशेषांची यंत्रे वर्षातून फार थोडे दिवस चालतात. घसारा आणि व्याज मात्र बारा महिने चालू असतात. जे यंत्र हंगामात २० दिवस चालते त्याच्या तुलनेत ५ दिवस चालणाऱ्याचा हेक्टरी स्थिर खर्च चौपट होतो. त्यामुळे एका लहान धारणेसाठी यंत्र घेणे जवळपास कधीच परवडत नाही, मग अनुदान निम्म्या किमतीचे असले तरी. गटाने घेतले तर प्रश्न वेगळाच उभा राहतो: सर्वांना ते त्याच आठवड्यात हवे असते. पाळीचा क्रम हंगामापूर्वी लेखी ठरवणे आणि कापणीच्या तारखा थोड्या पुढेमागे ठेवण्यासाठी वेगवेगळ्या कालावधीचे वाण पेरणे, हे दोन उपाय यंत्राच्या किमतीइतकेच महत्त्वाचे आहेत.

कंपोस्ट, अळिंबी आणि बायोचार यांपैकी काय परवडते?

कंपोस्टमध्ये वजन साधारण निम्मे होते, त्यामुळे ते शेतातच केले तर वाहतूक वाचते. खर्च मुख्यतः मजुरी आणि पाण्याचा असतो. अळिंबीत काडाचे मोल सर्वाधिक वाढते, पण तिला लागणारे काड फारच थोडे असते, आणि माल नाशिवंत असल्याने खरा प्रश्न विक्रीचा असतो. बायोचार म्हणजे अगदी कमी हवेत काड तापवून केलेला कोळसा; त्यात काडाच्या वजनाच्या चौथा ते तिसरा हिस्सा कोळसा हाती येतो. तो जमिनीत दीर्घकाळ टिकतो, परंतु केवळ पुढच्या पिकाच्या वाढीवर त्याचा खर्च निघेल असे गृहीत धरू नये.

कीडरोग असलेले अवशेषही शेतात ठेवावेत का?

नाही. कपाशीच्या उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. अशा पऱ्हाट्या वेळेवर उपटून बारीक केल्या नाहीत, तर त्यांचा खर्च पुढच्या हंगामातील फवारण्यांच्या रूपाने येतो, तोही शेजाऱ्यासकट.

शेत बटाईने किंवा खंडाने असेल तर?

काडाचा पालाश पुढच्या हंगामात मिळतो, कर्ब दहा वर्षांनी. ज्याला पुढच्या वर्षी तेच शेत मिळेल याची खात्री नाही, तो जमिनीत काड गाडण्याचा खर्च का करील? अशा ठिकाणी करार किमान तीन ते पाच वर्षांचा असावा, किंवा काड शेतात ठेवल्याबद्दल खंडात ठरावीक सूट मिळावी. काडावर हक्क कोणाचा, हेही बहुतेक तोंडी करारांत सांगितलेले नसते आणि भांडण तेथेच सुरू होते.

दंड प्रभावी ठरतो की अनुदान?

इंग्लंड आणि वेल्समध्ये काही अपवाद वगळून १९९३ पासून काड जाळण्यास बंदी आहे. तेथे शेते मोठी आणि यंत्रे उपलब्ध होती. जेथे शेते लहान आहेत आणि पर्याय वेळेवर पोहोचत नाही, तेथे केवळ दंडाने खर्च शेतकऱ्याच्या अंगावर टाकला जातो. स्वच्छ हवेचा लाभ ज्यांना होतो त्यांनी त्या खर्चात वाटा उचलावा, ही मागणी न्याय्य आहे. ती मदत यंत्र विकणाऱ्यापर्यंत पोहोचण्याऐवजी काड न जाळलेल्या क्षेत्रावर आणि पेरणीच्या खर्चाच्या वेळी हाती पडेल, अशी रचना आम्हाला अधिक योग्य वाटते.

स्वतःच्या शेताचा आकडा काढायला कोणत्या नोंदी ठेवाव्यात?

काडाचे वजन अंदाजाने लिहू नये. शेतात तीन-चार ठिकाणी एक चौरस मीटरची चौकट टाकून त्यातील काड गोळा करावे, वाळवून तोलावे आणि सरासरी काढावी. ग्रॅममधील आकड्याला १०० ने भागले की हेक्टरी टन मिळतात. शेजारी कापणीची आणि पुढच्या पेरणीची तारीख, यंत्राचे तास, डिझेल, मजुरीचे दिवस, जादा दिलेला युरिया आणि पाण्याच्या पाळ्या लिहाव्यात. शक्य असल्यास शेताची एक पट्टी नेहमीच्या पद्धतीने ठेवावी आणि दोन्हीकडचे धान्य वेगळे तोलावे, तेही सलग तीन हंगाम, कारण एका हंगामातील फरक बहुधा पावसाचा असतो.